सरांची मिशी

सरांना काहीही विचारा, ते आधी मिशीवरून हात फिरवणार आणि मग म्हणणार, “बघू.” मिशीही चांगली झुपकेदार, वरचा ओठ झाकणारी.

माझ्या लेकीला ऐकू येत नाही. ती ओठ बघून बोलणं ओळखते. शहरातल्या शाळेनं “आमच्याकडे सोय नाही” म्हणून तिला परत पाठवलं. म्हणून गंगापूरकडं माहेरी आले, तर इथल्या शाळेतले सर म्हणाले, “ताई, चाळीस पोरं सांभाळू का हिच्याकडं बघू?”

मी चिडले. म्हटलं, “तिला फक्त तुमचे ओठ दिसू द्या.”

हात मिशीवर गेला. “बघू.”

झालं, इथंही तेच, असं मला वाटलं.

सोमवारी शाळेत गेले तर मिशी सफाचट. आमच्याकडं घरात कुणी गेल्याशिवाय माणूस मिशी काढत नाही. फाटकाशी एक म्हातारा हात जोडून विचारत होता, “सर, कोण वारलं?”

“कुणी नाय, काका. समदे बरे हायेत.” मग लेकीसमोर वाकून त्यांनी सावकाश विचारलं, “जेवलीस का?”

“व्हय,” ती म्हणाली.

अजूनही काही विचारलं की सरांचा हात मिशीकडं जातो आणि रिकामाच खाली येतो. तेवढं बघते आणि मी निर्धास्त घरी परतते.