चौथी सीट

चित्रा खांबेटे बाईंना शाळेने काढलं, असं डोंबिवलीत कुणी तोंडावर म्हणत नसे. "सोडली म्हणे त्यांनी," असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण बाईंनी ती सोय कुणाला ठेवलीच नाही. मराठी माध्यमाचे वर्ग बंद करायचं ठरल्यावर संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढ्यात ठेवला. सही केली तर निरोप समारंभ होणार होता, शाल-श्रीफळ मिळणार होतं. बाईंनी चहा संपवला. बावीस वर्षं गणित शिकवलं, कामात खोट निघाली नाही, मग मी आपणहून का जायचं, असं त्यांनी विचारलं. काढायचं असेल तर काढा, पण तसं लिहून द्या. आठ दिवसांनी सेक्रेटरींच्या सहीचं पत्र आलं. त्यातलं एक वाक्य बाईंना पाठच झालं: 'आपणांस सामावून घेण्यास संस्थेत जागा उपलब्ध नाही.'

शाल गेली ती गेली. पत्र मात्र बाईंनी लॅमिनेट करून घेतलं.

तेव्हा वय सेहेचाळीस. क्लासवाल्यांना पंचविशीतली पोरं हवी होती आणि इंग्रजी शाळांना इंग्रजी. घरी बसून शिकवण्या घ्या, हा सल्ला तर ज्याने त्याने दिला. बाईंना नेमकं घरीच बसायचं नव्हतं. एका सकाळी त्या तडक स्टेशनजवळच्या शेअर रिक्षांच्या स्टँडवर गेल्या. तिथल्या लाइनीचा कारभार मारुती बघायचा. त्याची संचिता बाईंच्या हाताखालून दहावी झालेली.

"मारुतीराव, तुमच्या मुलीला मी गणित शिकवलं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही मला रिक्षा शिकवा."

मारुतीला आधी थट्टाच वाटली, रविवारी मैदानात या म्हणून त्याने वेळ मारून नेली. पण पुढच्या रविवारी बाई सात वाजता मैदानात हजर, तेव्हा बिचाऱ्याचा नाइलाज झाला. विद्यार्थिनी म्हणून बाई फार त्रासदायक होत्या. क्लच सोडला की गाडी उडी मारायची, आणि ती का उडाली ते समजल्याशिवाय बाई पुढचं काही शिकायला तयार नसत. इकडे घरात प्रभाकररावांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, पंधरा दिवस अबोला धरला. लोक काय म्हणतील, एवढंच त्यांचं पालुपद. बाई म्हणाल्या, "लोकांना स्टेशनवरून आजद्याला जायचं असेल तर बसतील." लायसन्स झालं, बॅज मिळाला, परमिट मिळालं, रिक्षा दारात आली, तेव्हा प्रभाकररावांनीच नारळ फोडला.

स्टेशन ते आजदे ही लाइन बाईंनी मुद्दाम मागून घेतली, कारण ती शाळेच्या फाटकावरून जाते. तोंड चुकवायला गल्लीतून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. फाटकाशी उभे असलेले जुने सहकारी त्यांना बघून मोबाइलमध्ये डोकं घालत. बाई तिथे हटकून हॉर्न वाजवत. रिक्षात समोर, जिथे बाकीचे देवाचा फोटो लावतात, तिथे लॅमिनेट केलेलं पत्र लावलेलं होतं.

भानगड झाली ती चौथ्या सीटवरून. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात, हा झाला कायदा. चौथा ड्रायव्हरच्या सीटवर, अर्धा आत आणि अर्धा बाहेर लटकून जातो, हा झाला रिवाज. बाई तिघांवर निघायच्या. सहलीला मुलं मोजावीत तसं मान वळवून एक, दोन, तीन मोजायच्या आणि गाडी सुरू. दोन महिने हे खपलं. मग प्रवासी दुसऱ्या रिक्षावाल्यांना विचारायला लागले, त्या बाई तिघांवर निघतात, तुम्ही चौथ्यासाठी का थांबता? झालं, सगळी लाइन मारुतीच्या मागे लागली.

शनिवारी मारुती मान खाली घालून आला. "मॅडम, मी पोरांना काय सांगू? माझी पण गोची झालीय. सोमवारपासून चार घ्या, नाहीतर नंबर लावू नका."

रविवारी बाईंना जेवण गेलं नाही. त्या घाबरल्या होत्या. एकदा काढलेल्या माणसाला दुसऱ्यांदा काढलं जाण्याची फार भीती वाटते. नंबर गेला तर पुन्हा तेच घर, तीच खिडकी आणि तेच सल्ले. पण चौथा घ्यायचा विचार काही त्यांच्या मनात येईना.

सोमवारी ऐन गर्दीत त्यांचा नंबर लागला. मागे भाजीची पाटी पायाशी घेऊन आवडाबाई, शेजारी एक नर्स आणि कॉलेजची एक मुलगी. मारुती समोर येऊन उभा राहिला. बाईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. गल्ली एवढी अरुंद की मागच्या एकाही रिक्षाला पुढे निघता येईना. हॉर्न सुरू झाले, शिव्याही आल्या. मारुतीने मागच्या तिघींना उतरायला सांगितलं. आवडाबाईने पाटी आणखी आत ओढली.

"आमी नाय उतरनार," ती म्हणाली. "बाईच्या गाडीत नीट बसायला भेटतं."

नर्सही हलली नाही, मुलगीही नाही. तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आले आणि त्यांनी बाईंच्या सीटवर टेकायला एक पाय आत ठेवला. संस्थेचे सेक्रेटरी होते.

"अहो चित्राबाई, तुम्ही? बरं झालं. शाळेत मीटिंग आहे, उशीर झालाय. जरा सरकून घ्या."

बाई तसूभरही सरकल्या नाहीत. त्यांनी समोरच्या पत्रावर बोट ठेवलं. सेक्रेटरींनी वाचलं. खालची स्वतःची सही ओळखायला त्यांना चष्मा लावावा लागला नाही.

"आपणांस सामावून घेण्यास," बाई शांतपणे म्हणाल्या, "जागा उपलब्ध नाही, सर."

सेक्रेटरींनी पाय खाली घेतला. मारुतीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पत्राकडे. ते पत्र त्याने रोज बघितलं होतं, सही कुणाची ते आज कळलं. "साहेब, मागच्या गाडीत बसा," तो म्हणाला आणि बाईंच्या वाटेतून बाजूला झाला.

एक, दोन, तीन. बाई निघाल्या. मागच्या गाडीत तिघं आधीच बसलेले होते. शाळेचं फाटक येईपर्यंत आरशात सेक्रेटरी दिसत होते, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. फाटकाशी बाईंनी नेहमीसारखा हॉर्न वाजवला.

फेरी करून त्या परत आल्या. लाइन शेवटपर्यंत भरलेली होती. मारुतीने दोन रिक्षा मागे घ्यायला लावल्या आणि बाईंच्या गाडीला जागा करून दिली.