आधी जुनं पाणी

संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावची विहीर मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो.

गावात पहिल्या दिवशी दोन-चार घरांत उलट्या-जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव आजारी होतं आणि ठाण्यात फोन आला. "साहेब, आमच्या हिरीत जहर टाकलं. काल दुपारी म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. पंचायतचा पाणीवाला इकडंतिकडं पाहून पांढरी भुकटी टाकून राह्यला होता."

आम्ही पोहोचलो तेव्हा जमावाने त्या पाणीवाल्याला पारावर बसवून ठेवलं होतं. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता, तर मला खुनाचा पंचनामा करावा लागला असता. त्याला जीपमध्ये घातला आणि ठाण्यात आणला.

"म्या जहर नाई टाकलं," एवढंच तो सांगे.

"मग भुकटी कशाची होती बे?"

त्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. पंचायतीची वही मागवली. ब्लीचिंग पावडर रोज टाकल्याच्या नोंदी, खाली याच्या सह्या. म्हणजे हे तर याचं रोजचं काम. मग चोरून कशाला टाकायची? वही चोख असल्यामुळे माझा संशय जहरावरच पक्का झाला. गुन्हा दाखल करायचाच बाकी होता.

आधी पंचांना घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. आत त्याची म्हातारी आई सलाईन लावून पडली होती. भिंतीशी पाण्याचे रांजण ओळीने मांडलेले. तो भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गोड विहिरीचं पाणी आळीपाळीने भरून ठेवायचं.

म्हातारी म्हणाली, "थो कोपऱ्यातला रांजण चार दिवसांआधीचा हाय. हा काल सांजचा. आमच्या गावात जुनं पाणी आधी पेतात."

मी मनात दिवस मोजले. भुकटी काल दुपारी पडली. लोक आजारी पडले ते त्याच्या आधी भरलेलं पाणी पिऊन.

म्हातारीला सलाईन लावायला आलेल्या आरोग्य सेविकेने दोन्ही पाण्यांत तपासणीचे थेंब टाकले. ब्लीचिंग असलं की पाणी पिवळं होतं. कालचं पिवळं झालं, जुनं जसंच्या तसं राहिलं. दोन्ही नमुने सील केले. पुढे प्रयोगशाळेने जुनं पाणी पिण्यास अयोग्य ठरवलं. जहर मात्र कशातच निघालं नाही.

ठाण्यात परतून हे सांगताच पाणीवाला रडायलाच लागला. "बाया म्हणत, चहालेही वास येते, नोको टाकू. दोन महिने टाकलीच नाई, साहेब. नुसत्या सह्या मारल्या. लोकं आजारी पडले तशी घाबरून टाकली."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"सह्या खोट्या निघाल्या असत्या. माय कशी हाय, साहेब?"

माय वाचली, गावही सावरलं. खोट्या नोंदींचा अहवाल मी पंचायत समितीला पाठवला, पण विषप्रयोगाचा डाग त्याच्यावर लागू दिला नाही. याचं समाधान मला आजही आहे.

सही म्हणजे काम झाल्याचा पुरावा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच संध्याकाळी ठाण्यातली गस्तीची वही काढून बसलो. आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या दिसल्या. त्याखाली 'तपासले' म्हणून माझीच सही होती.