एल्वुडच्या विमानातले खेकडे

एल्वुड टॉलिव्हरने चौतीस वर्षं सरकारी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या, आणि त्या सगळ्या काळात तो एकाही लिफ्टमध्ये नियमापेक्षा जास्तीचा माणूस म्हणून चढला नाही. गर्दी दिसली की हा बाहेर येऊन मुकाट जिन्याने जायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनं चार आसनी विमान घेतलं आणि ठेवलं कुठे, तर वॉशिंग्टनला खेटून असलेल्या मेरीलँडमधल्या एका चिमुकल्या धावपट्टीवर. राजधानीभोवतीचं तीस मैलांचं आकाश म्हणजे कडक सोवळ्यातलं स्वयंपाकघर. आधी फोन करायचा, आपली ओळख पटवायची, कुठून कुठे जाणार ते लेखी द्यायचं, मग त्या दिवसापुरता चार आकड्यांचा संकेत मिळायचा. तो विमानातल्या यंत्रावर लावला की खाली पडद्यावर डोळे लावून बसलेल्यांना कळायचं, हा आपलाच, जाऊ द्या. बाकीचे वैमानिक या कटकटीला शिव्या घालत. एल्वुडला मात्र म्हातारपणी माहेर सापडल्यासारखं झालं होतं.

धावपट्टीवरच्या वैमानिकांच्या क्लबात कोणी नवा आला की तो त्याला कोपऱ्यात गाठून सगळे नियम ऐकवायचा. सरकारी हेलिकॉप्टर शेजारी येऊन ठेपलं तर काय करायचं, हे दोन्ही हात पसरून, डावी-उजवीकडे झुलून दाखवायचा. तोवर बाकीची मंडळी आपापली कॉफी घेऊन अंगणात पसार झालेली असत.

जूनमधल्या एका शनिवारी क्लबात खेकड्यांची पंगत ठरली. चांगले खेकडे जवळच्या उपसागरापलीकडे मिळतात, म्हणून एल्वुड सकाळीच उडाला. सोबत थोरली बहीण लोरेटा होती. तिचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेलेलं, त्यामुळे ती कुणाच्या बापाला भीत नसे. पलीकडच्या कोळ्याने जिवंत खेकड्यांची भलीमोठी टोपली भरून दिली आणि झाकण तारेने आवळून बांधलं. एल्वुडने टोपली मागच्या सीटवर ठेवून तिलाही पट्टा लावला. परतीचा संकेत घेतला, यंत्रावर लावला, दोनदा ताडून पाहिला. अर्ध्या वाटेत लोरेटाला वाटलं, बिचारे गुदमरत असतील. तिने मागे वळून तार जराशी सैल केली.

पाचेक मिनिटांनी एका खेकड्याने एल्वुडच्या उजव्या हाताचा अंगठा धरला.

एल्वुडने जोरात हात झटकला. खेकडा सुटला नाही, पण हात यंत्रावर आपटला आणि शेवटचा आकडा एक घर सरकला. त्या दिवसाचा संकेत आणि ‘आमचं विमान पळवलंय’ असं सांगणारा संकेत, यांच्यात नेमका तेवढाच फरक होता. त्यात कळ मस्तकात गेल्यामुळे डाव्या हाताने बोलण्याचं बटण आवळलं गेलं, आणि खाली सगळ्यांना ऐकू गेलं, “सोड मला, हरामखोरा, सोड म्हणतो ना.”

रेडिओवरच्या बाईने अगदी शांतपणे विचारलं, “तुमचा संकेत सात-पाच-शून्य-शून्य दिसतोय. मुद्दाम लावलाय का?”

एल्वुड दातओठ खात होता. लोरेटाने हात लांबवून आपल्या बाजूचं बटण दाबलं. “त्याला आत्ता बोलता येणार नाही. त्याला धरलंय.”

“विमानात एकूण किती जण आहेत?”

एवढी बारीक चौकशी करणाऱ्या सरकारला खेकड्यांचंही कळलेलं असणार, अशी लोरेटाची समजूत झाली. ती म्हणाली, “आम्ही दोघं. बाकीचे साठेक असतील, पण सगळे सुटलेले नाहीत.”

रेडिओवरून हळूच प्रश्न आला, “त्यांच्याकडे शस्त्रं आहेत?”

“असतातच की. प्रत्येकी दोन.”

थोड्याच वेळात डाव्या खिडकीशी हेलिकॉप्टर आलं. त्याच्या कुशीत दिव्यांची पाटी होती : आमच्या मागे या. एल्वुडच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तरी त्याला मनातून बरंच वाटलं, कारण आता काय करायचं ते त्याच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. आज्ञा समजली हे कळवायला पंख हलवायचे असतात. त्याने ते हलवले, आणि चांगले मन लावून हलवले. मागच्या टोपलीचं झाकण उडालं आणि उरलेले सगळे खेकडे पुढे आले.

हेलिकॉप्टरवाल्यांनी नंतर जबाबात लिहिलं, की वैमानिक दोन्ही पाय डोक्याशी घेऊन विमान चालवत होता आणि शेजारची महिला पर्सने कुणाला तरी बडवत होती.

त्यांना बरंच लांब, सोवळ्याबाहेरच्या एका धावपट्टीवर उतरवलं. गाड्यांच्या आड बंदुका रोखून माणसं बसली होती. कर्ण्यावरून हुकूम झाला, हात वर करून एकेक जण बाहेर या. दार उघडलं, आणि दोन्ही नांग्या वर करून पहिला बाहेर आला तो खेकडा. त्यामागे आणखी तीन. कुणीच हललं नाही. शेवटी एक जाडजूड अधिकारी, इकडचाच असावा, बंदूक खोचून पुढे झाला आणि त्याने खेकड्याला मागून अचूक धरून उचललं.

“नर आहे,” तो मागच्यांना म्हणाला.

चौकशी चार तास चालली. अहवालात ‘अपहरणकर्त्यांचं वर्णन’ असा रकाना होता आणि तो कोरा सोडायची सोय नव्हती. एल्वुडनेच त्यांना सांगितलं, की लिहा, निळसर, दहा पायांचे. त्याला ताकीद मिळाली आणि नियमांचा वर्ग पुन्हा करायची सक्ती झाली. त्याला लाज वाटली ती खेकड्यांची नाही, या वर्गाची. तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला.

सोबत लोरेटाही गेली होती, नुसती ऐकायला. परीक्षेच्या वेळी तिनेही एक कागद मागून घेतला. एल्वुडला शंभरात ब्याण्णव पडले, तिला शंभर. घरी येताना गाडीत तिने विचारलं, विमान शिकायला वयाची काही अट आहे का. अशी अट नाही, हे एल्वुडला चांगलं ठाऊक होतं. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

पुढच्या वसंतात, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिला परवाना मिळाला. आता डावीकडे, वैमानिकाच्या जागी, ती बसते. उजवीकडे एल्वुड नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला असतो, आणि तिची एखादी तरी चूक निघेल म्हणून वाट पाहत असतो.