बळीरामचं प्रभुभोजन आणि तिसरा कूलर

आमच्या चर्चात एप्रिल लागला की माणसाची भक्ती त्याच्या बाकावरून ओळखू नये. एरवी मागे बसून उपदेशात डुलक्या घेणारी मंडळी उन्हाळ्यात सहालाच येऊन पुढचे बाक धरतात. कारण कूलर पुढे आहेत. चार खिडक्या, चार कूलर, आणि चौघांचा मायबाप एकच, बळीराम पाटोळे.

बळीराम रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाला. कूलरला दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याला आपल्या ताटातली पोळी उचलल्यासारखं होतं. उन्हाळ्यात आमची उपासना सकाळी साडेसहाची. नळही त्याच वेळी येतो, तोही करंगळीएवढ्या धारेनं. शनिवारी संध्याकाळच्या स्त्री-सभेनं टाक्या कोरड्या करून ठेवलेल्या असतात. म्हणून आत गीत सुरू झालं की बाहेर बळीराम पाइप घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरत असतो. पाणी संपून आतला पंप कोरडा फिरला तर जळतो, ही त्याची धास्ती. उपदेश त्याला कूलरच्या गवताच्या ताट्यांमधून गाळून मिळतो.

त्याचं त्याला दुःख नव्हतं. उपदेश आम्ही आत बसूनही कुठे ऐकतो? दुःख होतं ते प्रभुभोजनाचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून भाकर आणि प्याला घेतात. लग्न झाल्यापासून बळीराम आणि यमुताई शेजारी शेजारी टेकत आले. पण उन्हाळ्यात नेमकी तेव्हाच तिसऱ्या कूलरची टाकी तळाला जाते. तो बायकांच्या बाजूचा. बळीराम चपला काढून उंबऱ्यात पाय ठेवतो, तोच खिडकीतून कोणाचा तरी पदर हलतो. "भाऊ, गरम हवा येऊन राहिली!" की हा पुन्हा बाहेर. एप्रिल गेला, मे गेला. यमुताई दोन्ही वेळा एकट्याच टेकल्या.

आम्हा जुन्यांना हे पाठ होतं. पण पाळकसाहेब नवे, नगरकडचे. आपल्याकडे रीत अशी की मनात कोणाविषयी अढी असली तर आधी समेट करावा, मगच प्रभूच्या मेजाला यावं. पाळकसाहेबांनी एप्रिलात पाहिलं, मेमध्ये पाहिलं आणि ठरवलं, या पाटोळ्यांचं कोणाशी तरी बिनसलंय. मी खुलासा करू शकलो असतो. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "असेल बुवा, साहेब. माणसाच्या मनातलं काय सांगावं?" माझंही चुकलंच.

झालं. मेच्या शेवटच्या मंगळवारी पाळकसाहेबांची स्कूटर बळीरामच्या दारात. सोबत कमिटीचे सेक्रेटरी मनोहरराव साळवे, आणि गंमत पाहायला मी. यमुताईंनी पन्हं दिलं. पाळकसाहेबांनी आवाज मऊ केला.

"बळीरामभाऊ, कोणाविषयी मनात काही आहे का? आज मोकळं करा."

बळीराम गोंधळला. "मले? मले काहून असन, साहेब?"

"मग दोन महिने मेजाला आला नाहीत..."

तो "पाणी" म्हणणार, तेवढ्यात मनोहररावांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. घामाघूम होऊन ते उठून उभे राहिले.

"बळीरामभाऊ, माफ कर गा! तुले मालूमच झालं असन. मागच्या साली तो पंप मीच जाळला. दुपारची वामकुक्षी घ्याले गेलतो चर्चात, तिसऱ्या कूलरसमोर. पाणी पायलंच नाही."



"तू?" बळीराम म्हणाला.

मागच्या साली महिनाभर बायकांच्या बाजूला कोरडी झळ मारत होती. 'फिटरच्या हातचा पंप जळला' म्हणून मंडळीनं बळीरामची सालं काढली. आणि ती सालं काढणाऱ्यांत मनोहरराव सगळ्यात पुढे होते.

"देवाची कृपा! मोकळं झालं!" पाळकसाहेब आनंदले.

"काय मोकळं झालं, साहेब?" बळीराम कडाडला. "मले मालूमच नव्हतं! मी दोन महिने पाणी भरून राहिलो होतो जी!"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पन्ह्यातली वेलची शोधत होतो.

तर आतापर्यंत नसलेलं भांडण आता खरोखरचं झालं. आम्ही चपला घालत होतो तेव्हा आतून यमुताईंचा आवाज आला. "दोनदा एकटी टेकली मी. बाया पाहून राहिल्या होत्या माह्याकडं. जूनले तुमी मन साफ करून नाही आले, त मी बी बाकावरून उठत नाही."

चार दिवस बळीराम धुमसला. शनिवारी मनोहररावांच्या फाटकाशी जाऊन त्यानं आवाज दिला, "माफ केलं, जाय. पण उद्या माह्या वाट्याचं पाणी तू भरशीन."

जूनचा पहिला रविवार. सकाळी सातलाच भिंती तापलेल्या. बाहेर मनोहरराव पाइप धरून, आत बळीराम इस्त्रीच्या शर्टात यमुताईंशेजारी. गुडघे टेकले, पण कान खिडकीत.

"तिसऱ्याचा आवाज कोरडा येऊन राहिला वं."

"डोळे मिटा."

"टाकी खाली हाये त्याची."

यमुताईंनी त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. पाळकसाहेब भाकर देत जवळ येत होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "बळीरामभाऊ, नळ गेला गा! आता काय करू?" बळीरामची पाठ ताठ झाली, एक गुडघा उचलला गेला. शर्टाचं टोक सुटलं नाही. गुडघा परत खाली आला. त्यानं भाकर घेतली. प्याला ओठाशी आला तेव्हा जळक्या वायरीचा वास सगळ्या चर्चात पसरला होता. तो त्यानं प्याल्यासोबत गिळला.

उपासना सुटल्यावर बळीरामनं कूलरची जाळी काढली आणि काळा पडलेला पंप हातात घेतला. समोर मनोहरराव, हातात सुका पाइप.

"बटन बंद कराचं नाही सुचलं तुले?"

"तू सांगतलं नाही ना गा."

बळीरामनं श्वास ओढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मागून यमुताई आल्या आणि त्याच्या हातातला पंप काढून आपल्या पिशवीत टाकला.

"आत्ताच प्रभुभोजन घेऊन आले ना तुमी? जुलैपर्यंत तरी टिकवा."

बळीरामनं तोंड मिटलं. मनोहररावांकडे न पाहता त्यानं पाइप गुंडाळायला घेतला, एकेक वेढा दात खात.