ताईसारखाच लॅपटॉप

सगळे तिला ठेका म्हणत, कारण हात लागेल त्यावर ती ताल धरायची. कॉलेज सांभाळून, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत तिला गाणी रचायला लॅपटॉप घ्यायचा होता. आणि तोही मावसबहिणीकडे आहे तस्साच, चंदेरी आणि पातळ. ताईचं गाणं ऐकलं की अख्खं खानदान म्हणे, "किती साधं, किती गोड!" आणि इकडे ठेकाच्या पोटात दुखायचं.

जुन्या लॅपटॉपच्या दुकानात तो चंदेरी दिसताच तिनं झडपच घातली.

"अगं, हा जाडा काळा घे. तेवढ्याच पैशांत दुप्पट मेमरी," दुकानदारकाका म्हणाले.

"काका, हा लॅपटॉप आहे की पाटा?"

"पाटा तर पाटा. वाटण बारीक होतं ना!"

ठेकानं पेनड्राइव्हवरून आपलं अर्धवट गाणं चंदेरीवर उघडलं आणि एकेक वाद्य चालू केलं. ढोल, बासरी ठीक. व्हायोलिनला आवाज करकरला, कोरसला सगळंच थिजलं. काळ्यावर तेच गाणं एका दमात वाजलं.

तिला हसू फुटलं. "म्हणून ताईच्या गाण्यात नुसता गळा आणि गिटार! साधेपणा कसला, मशीनच उचलत नाही!"

"मग काळा बांधू?"

"बांधा!"

घरी दारातच आईनं मोबाइल पुढे केला. "ताईचं नवीन गाणं आलंय. ऐक गं, किती साधं!"

ठेकानं ऐकलं. गोड होतं मेलं. तिनं खोलीचं दार लावलं, पाटा उघडला आणि नव्या गाण्यात दोनच गोष्टी घेतल्या: गळा आणि गिटार.