बत्तीस अक्षरांची किल्ली

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं तिने प्रुफं तपासली. पहिली पाच वर्षं नुसती मोठ्याने वाचण्यात गेली: ती मूळ कागद वाचायची आणि समोरचे म्हातारे मुद्रितशोधक छापलेल्या प्रुफावर बोट फिरवत ऐकायचे. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची, त्यांचं भिंग आणि त्यांचा खडूसपणा असं सगळंच तिच्याकडे आलं. कीटकनाशकांची माहितीपत्रकं असोत की शाळेची गणितं, डोळ्यांत तेल घालून ती प्रत्येक अक्षर पाहायची. तिने वाचलेलं पुस्तक पुढे कुणी उघडलं की नाही, हे मात्र तिला कधीच कळलं नाही.

छापखाना बंद पडला तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. घरात बसून बसून तिने शेजाऱ्यांच्या दारांवरच्या पाट्यांतल्या चुका काढायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या भाचीने हात टेकले.

"आत्या, तू उद्यापासून माझ्या ऑफिसात ये," भाची म्हणाली. "आम्ही प्रोग्राम लिहितो, पण ते कसे वापरायचे हे लोकांना धड सांगता येत नाही. तू माहितीपुस्तिका लिही."

"मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर हवीयेस. तुला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल."

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे दिवसभर घंट्या वाजायच्या. आत भाची आणि तिचा भागीदार बसायचे. तो इतका उंच होता की दारातून वाकूनच आत यायचा, आणि कॉलेजपासून त्याचं नाव लांबूच पडलं होतं. दोघं 'रूबी ऑन रेल्स' या प्रोग्राम बांधायच्या तयार साच्यात काम करायचे. भाचीने आत्याला समजावलं, "रेल्स म्हणजे बांधून तयार मिळालेलं घर समज. भिंती, खिडक्या, नळ, सगळं आहे. आपण फक्त सांगायचं की पाणी कुठून येणार, वीज कुठून येणार, किल्ली कुठे ठेवलीय. ते ज्या फायलींत सांगतो त्यांना कॉन्फिगरेशन म्हणतात. घर पडत नाही गं, पण या फायलींत एक अक्षर चुकलं की दारच उघडत नाही."

एक अक्षर! भिंगबाईने कान टवकारले.

तिसऱ्या आठवड्यात तिने ते स्वतः पाहिलं. लांबू सकाळपासून एका फायलीपुढे केस उपटत बसला होता. डेटाबेस कुठे आहे हे सांगणारी ती फाइल. प्रोग्राम सुरू करायला जावं, की पडद्यावर लाल अक्षरं. लांबू त्यांच्याकडे न पाहताच फाइल वरपासून खालपर्यंत चाळायचा, काहीतरी बदलायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

"ते लाल काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"एरर आहे हो, आत्या."

"ते कळलं. पण लिहिलंय काय?"

लांबूने नाइलाजाने अर्थ सांगितला: सतराव्या ओळीत, तिसऱ्या जागी असं अक्षर आहे, ज्याने कोणताच शब्द सुरू होऊ शकत नाही.

"मग सतराव्या ओळीत तिसऱ्या जागी काय आहे?"

"काहीच नाही. मोकळी जागा आहे."

"अरे, मोकळी जागा हेही अक्षरच असतं. मी लागले तेव्हा आमच्याकडे शिशाचे कोरे तुकडे असायचे, जाड, बारीक, मधले. दोन शब्दांमध्ये हाताने बसवावे लागायचे. चुकीचा बसला तर अख्खी ओळ हलायची."

लांबूने बाणाचं बटण दाबत कर्सर एकेक घर पुढे सरकवला. दोन घरं तो नीट चालला आणि तिसऱ्याला टुणकन उडी मारून पुढे गेला. तिथे स्पेस नव्हतीच. दुसरीकडून मजकूर उचलून चिकटवताना त्यातून टॅब, म्हणजे एकाच अक्षराची लांब मोकळी जागा, आली होती, आणि या फायलीत टॅब चालत नाही. तो पुसून स्पेस टाकल्या आणि प्रोग्राम सुरू झाला.

लांबू "च्यायला!" म्हणून हसला. भिंगबाई मात्र हसली नाही. ती पडद्याकडे पाहतच राहिली. एकतीस वर्षं तिला वाटायचं, की आपल्याइतकं बारीक कुणी वाचत नाही. आणि इथे हे कोण होतं, ज्याने दोन कोऱ्या जागांमधला फरक ओळखला होता, ओळ आणि घर मोजून सांगितलं होतं, आणि चूक कुणाची हे मात्र विचारलंही नव्हतं?

"हे लाल निरोप लिहितं कोण?" तिने त्या दिवशी भाचीला विचारलं.

"जगभरातले लोक. बरेचसे फुकट लिहितात. कुणी वीस वर्षांपूर्वी लिहिलंय, कुणी काल."

"म्हणजे आपण इथे चुकणार, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं?"

भिंगबाईने एक जाड वही आणली आणि रोज दिसेल तो निरोप त्यात उतरवून घ्यायला लागली. डाव्या पानावर निरोप, उजव्या पानावर खरी चूक काय निघाली ते. वर्षभरात वही भरली. माहितीपुस्तिका मागे पडल्या; दोघांचं काही अडलं की पडदा तिच्याकडे वळायला लागला. कोड तिला तेव्हाही लिहिता येत नव्हता. ती फक्त वाचायची, आणि सगळं वाचायची.

मग तो रविवार आला.

गावात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिसचं एक छोटं केंद्र होतं. त्यांच्या नोंदींचा प्रोग्राम पूर्वी एका वेगळ्याच प्रोग्रामरने लिहिला होता. तो माणूस आदल्या वर्षी वारला, आणि तेव्हापासून देखभाल भाचीकडे आली होती. शनिवारी संध्याकाळी केंद्रातला जुना सर्व्हर बसला तो उठलाच नाही. नोंदींची प्रत सुरक्षित होती, कोडही होता; ते दोन्ही लांबूने रातोरात नव्या सर्व्हरवर चढवलं. पण प्रत्येक रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, मागच्या वेळी काय त्रास झाला, या खाजगी नोंदी कुलूपबंद करून ठेवलेल्या असतात. त्या कुलपाची मुख्य किल्ली म्हणजे बत्तीस अक्षरांची एक ओळ. चोरी होऊ नये म्हणून ती कोडबरोबर ठेवत नाहीत. ती फक्त त्या सर्व्हरवर होती, आणि दुसरी प्रत करून ठेवायचं भाचीच्या मनात होतं, तेवढ्यात हे घडलं.

"माझंच चुकलं," भाची सकाळपासून दहादा म्हणाली होती. सोमवारी सकाळी सहा वाजता पहिले रुग्ण येणार होते.

केंद्राच्या मोठ्या सिस्टरना एकदम आठवलं, की त्या प्रोग्रामरने अशी काहीतरी अक्षरं फोनवर सांगून आपल्याला लिहून घ्यायला लावली होती. त्यांनी डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. लांबूने तो पाहून किल्ली टाइप केली. पडदा म्हणाला: किल्ली बरोबर बत्तीस अक्षरांचीच हवी.

"एकतीस भरतायत," लांबू म्हणाला.

भिंगबाईने फोटो छापून घेतला आणि त्यावर भिंग धरलं. चार-चार अक्षरांवर पेन्सिलीने टिंब देत ती पुढे गेली. "हे बघ. हा एक 'सी' नाही, दोन आहेत, एकमेकांना चिकटलेले. एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं की डोळा एक गाळतोच."

बत्तीस झाली. लांबूने पुन्हा लावून पाहिली. आता पडदा म्हणाला: इनव्हॅलिड मेसेज. म्हणजे लांबी बरोबर, पण किल्ली ही नव्हे.

"थोडंसं तरी उघडतं का? अर्धंमुर्धं?" तिने विचारलं.

"नाही आत्या," भाची म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस जुळली तर सगळं उघडतं. एकतीस जुळली तर काहीच नाही."

असा वाचक भिंगबाईने जन्मात पाहिला नव्हता.

या किल्लीत शून्य ते नऊ आकडे आणि 'ए' ते 'एफ' एवढीच इंग्रजी अक्षरं असतात, हे भाचीने सांगितलं. सिस्टरांचा 'बी' आणि सहाचा आकडा सारखे दिसत होते, एक आणि सातही. भाचीने छोटा प्रोग्राम लिहून ती सगळी अदलाबदल करून पाहिली. एकही किल्ली लागली नाही. लांबू खुर्चीत मागे रेलला. खाली दुकान बंद होतं, त्यामुळे एक घंटीही वाजत नव्हती.

"सिस्टरना बोलवून घे," भिंगबाई म्हणाली. "डायरी घेऊन."

सिस्टर दुपारी दोनला धापा टाकत जिना चढून आल्या. पन्नाशीच्या, चपळ बाई. रडू येऊ नये म्हणून भराभर बोलत होत्या. भिंगबाईने त्यांना पाणी दिलं आणि डायरीची इतर पानं पाहिली. तारखांमधले सहा, वजनांमधले सात. मग डायरी बाजूला ठेवून तिने विचारलं,

"सिस्टर, त्यांनी एकदाच सांगितलं, की तुम्ही परत वाचून दाखवलं?"

"वाचायला लागले आणि फोन कट झाला हो. मग राहूनच गेलं."

"बोलायचे कसे ते?"

"भरभर. शब्दाचं शेपूट खायचे. आमच्या वॉर्डात सगळे त्यांची नक्कल करायचे."

"मला करून दाखवा."

लांबू आणि भाची एकमेकांकडे पाहायला लागले. सिस्टर आधी लाजल्या. मग त्यांनी हनुवटी खाली घेतली आणि त्या गेलेल्या माणसाच्या आवाजात ओळीने अक्षरं म्हणायला लागल्या. भिंगबाई डोळे मिटून ऐकत होती, पाच वर्षं ते म्हातारे ऐकायचे तशी.

"बास," ती म्हणाली. "आपण डोळ्याच्या चुका शोधत बसलोय. या कानाच्या आहेत. बी, सी, डी, ई हे सगळे फोनवर सारखेच येतात. आणि ए म्हटलं काय नि एट म्हटलं काय, शेपूट खाल्लं तर 'ए'च ऐकू येणार. बाळ, तुझ्या त्या प्रोग्रामला हे सांगता येईल का? की एकेका जागी कान चुकला असेल, आणि शिवाय मघाचे डोळ्याचे घोळ आहेतच?"

भाची लगेच टाइप करायला लागली. दहा मिनिटं फक्त कळांचा आवाज. "काही हजार शक्यता होतायत," ती म्हणाली. भिंगबाईला वाटलं, आता रात्र होणार. भाचीने एक कळ दाबली, आणि बोट वर उचलायच्या आत पडद्यावर एकच ओळ उमटली.

अकराव्या जागी 'ए' नव्हता, आठ होता. एकोणिसाव्या जागी सहा नव्हता, 'बी' होता.

सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. "त्यांनी बरोबरच सांगितलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

भाचीने किल्ली जागेवर ठेवून प्रोग्राम सुरू केला. लाल काही आलं नाही. लॉगिनचं पान उघडलं, सिस्टरांनी आपलं नाव घातलं, आणि पडद्याने सांगितलं की या नावाचं कुणीच नाही. लांबूने आत डेटाबेसात पाहिलं. रुग्णांची यादी कोरी होती. लांबूची तर पाचावर धारण बसली, "प्रत भरताना पुसलं गेलं की काय?" असं पुटपुटत तो शेवटच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायला लागला.

"वरती घे," भिंगबाई म्हणाली. "अजून वर. अगदी पहिली ओळ."

पहिल्या ओळीत दर वेळी येतं तेच होतं, कुणीच न वाचणारं: रेल्स सुरू होत आहे, डेव्हलपमेंटमध्ये.

"माझ्या वहीत केंद्राच्या प्रोग्रामपुढे नेहमी 'प्रॉडक्शन' आहे."

भाचीने कपाळावर हात मारला. नव्या सर्व्हरला आपण खऱ्या कामात आहोत हे सांगायचंच राहिलं होतं, म्हणून त्याने सरावासाठीचा कोरा डेटाबेस उघडला होता. एक शब्द बदलला. या वेळी सिस्टरांचं नाव चाललं आणि यादी आली, त्रेचाळीस माणसांची, प्रत्येकाच्या नोंदींसकट. सिस्टर एकेका नावावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचत राहिल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

सोमवारी सकाळी भाची केंद्रात निघाली तेव्हा भिंगबाई न विचारताच तिच्यामागून गेली. लांबट खोलीत आठ पलंग होते, आणि प्रत्येकाशेजारी हळू गुरगुरणारं यंत्र. खिडकीजवळ एक वृद्ध शिक्षक झोपले होते. त्यांचं रक्त पारदर्शक नळीतून बाहेर येत होतं, यंत्रात फिरत होतं आणि दुसऱ्या नळीतून परत जात होतं. एक तरुण नर्स इंजेक्शन भरून आली, पडद्याकडे पाहिलं आणि थबकली. तिथे लिहिलं होतं, की हे औषध यांना चालत नाही; मागे श्वास अडकला होता. ती वळली, दुसरी बाटली घेतली आणि कामाला लागली. शिक्षकांना काही कळलंही नाही. त्यांनी कूस जराशी सावरून डोळे मिटले.

भिंगबाई दारातच उभी होती. तिच्या नजरेखालून गेलेली एक ओळ कुणीतरी वाचताना ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

"आत्या, बस ना," भाची म्हणाली.

"नको. दिसू दे मला."

त्यानंतर तिघांनी किल्लीच्या दोन प्रती दोन ठिकाणी कुलपात ठेवल्या, आणि नव्या सर्व्हरवर काहीही चढवायच्या आधी कॉन्फिगरेशनची फाइल मोठ्याने वाचायची असं ठरलं. लांबू वाचतो, भिंगबाई ऐकते. "स्पेस, स्पेस, होस्ट, कोलन, स्पेस," असं त्याचं चालू असतं. एखादी स्पेस गिळून पुढे जायचा प्रयत्न त्याने दोन-तीनदा करून पाहिला. दर वेळी पकडला गेला.

"ऐकू कशी येते हो तुम्हाला?" त्याने एकदा चिडून विचारलं.

"तू तिथे श्वास घेतला नाहीस," ती म्हणाली. "चल, परत वाच. पहिल्या ओळीपासून."