उतू न जाणारं दूध

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. धारवाडच्या एका हायस्कुलात मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अमावस्येला मुद्दाम नवा शर्ट घालणारा माणूस मी. नातेवाईक त्यावरून टोमणे मारायचे, आणि मला ते मनातून आवडायचं. त्यामुळे अंकातल्या या अद्भुत अनुभवांच्या पानावर माझं नाव बघून काहीजण हसतील. हसू दे. पण शेवटपर्यंत वाचा.

माझा मुलगा प्रसाद तारिहाळला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. लग्नानंतर तो धारवाडातच, माळमड्डीत माझ्याजवळ राहत होता, दोन खोल्यांत. चिनू, माझी नात, रांगायला लागली तेव्हा जागा पुरेना. म्हणून त्यांनी रायापूरला, हुबळी रोडपासून जरा आत, नव्या लेआउटमध्ये घर घेतलं. अगदी कोरं घर. पूर्वी तिथं ज्वारीचं शेत होतं. तिथं कुणी मेलेलं नाही, कुणाची विहीर बुजवलेली नाही — ही चौकशी मी नंतर केली. विश्वास नसलेल्या माणसानं केली.

आमच्याकडं नव्या घरात पहिलं दूध उतू जावं लागतं. घरच्या बाईनं पूर्वेकडं तोंड करून शेगडीवर नवं पातेलं ठेवायचं आणि दूध उतू जाईपर्यंत तिथनं हलायचं नाही. पूर्वेला गेलं तर उत्तम, उत्तरेला चालतं, दक्षिणेला नको. माझी बायको तेव्हा हयात नव्हती, म्हणून वास्तुशांतीची सगळी सूत्रं माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हातात होती.

शेगडीपुढं माझी सून रोहिणी उभी राहिली. ती अळणावरजवळच्या शेतकरी घरातली, कमी बोलणारी. दूध तापलं, काठापर्यंत आलं... आणि खाली बसलं. पुन्हा वर आलं, पुन्हा बसलं. गॅस मोठा केला तरी तेच. बाहेरून भटजी कन्नडमध्ये विचारत होते, "उक्कितेन्री?" — गेलं काय हो उतू? राहुकाळ लागायला आला होता. पंगत खोळंबली होती, आणि हुबळीहून आलेले पाहुणे सारखे घड्याळ बघत होते. मला त्या सगळ्याचा वैताग आला होता.

तेवढ्यात बाहेर चिनूनं रडं काढलं. मी आत जाऊन रोहिणीला म्हणालो, "तू पोरीला घे जा. इथं मी बघतो."

"अण्णा, अक्का म्हणाल्यात हलायचं नाही म्हणून."

"मी सांगतोय नव्हं? जा."

ती गेली. मी सांडशीनं पातेलं धरलं आणि जरासं कलतं केलं. दूध ओट्यावर सांडलं. "गेलं, गेलं उतू," म्हणून मी बाहेर हाक दिली. भटजी "आयतु, आयतु" — झालं, झालं — म्हणत उठले. बायकांनी हळदकुंकू सुरू केलं.

पूर्वेकडं तोंड करून उजव्या हातानं पातेलं कलतं केलं की दूध कुठं जातं, हे विज्ञानाच्या मास्तराला कळायला हवं होतं. अक्का आत आली. तिनं ओटा बघितला, मग दारात चिनूला घेऊन उभ्या असलेल्या रोहिणीला बघितलं.

"दक्षिणेला गेलंय. तू चूल सोडून उठलीस होय ग?"

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी सिंकमध्ये सांडशी धुवत होतो. धुतच राहिलो.

त्यानंतर त्या घरात दूध कधीच उतू गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! प्रसादही तसंच म्हणायचा. पण तुम्ही ते बघितलेलं नाही. पूर्ण आचेवर दूध काठाला येतं, साय फुगते, आता गेलं म्हणून हात पुढं जातो... आणि कुणीतरी दम आवरून धरावा तसं ते थांबतं. मग सावकाश खाली. मी पाकिटाचं दूध तापवून बघितलं, अळणावरहून म्हशीचं आणवलं. शेगडी बदलली, पातेलं बदललं, काठोकाठ भरलं. तेच पातेलं तसंच उचलून शेजारच्या घरी त्यांच्या गॅसवर ठेवलं, तर मी पाठ फिरवायच्या आत उतू. शेजारीण म्हणाली, "मास्तर, आमचा ओटा घाण करायला आलाय काय?"

घराला कुठं स्वस्थता नव्हती. प्रसादच्या शिफ्टा सारख्या बदलायला लागल्या, तो जेवताना मध्येच उठून गच्चीवर जायचा. रोहिणी आज पलंग या खोलीत, उद्या त्या खोलीत हलवायची. चिनूला पुन्हा पुन्हा सर्दी. मी काहीतरी निमित्त काढून बस धरून रायापूरला जायचो, आणि गेलो की पाच मिनिटांत परत निघावंसं वाटायचं. रोहिणी दिवसातून कितीदा तरी दूध तापवत उभी असायची. तापलेलंच पुन्हा.

मग तिला पुन्हा दिवस गेले, आणि ते राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाची चूक नसते. पण अक्कानं भाच्याच्या लग्नात चार बायकांपुढं तोंड उघडलं. "चूल सोडून उठली बाई. दक्षिणेला गेलेलं दूध कुणाला लाभलंय?" हुबळीपासून बेळगावपर्यंत सगळ्या नात्यात ते पसरलं. मी त्याच मांडवात होतो. मठ्ठा पीत होतो.

काही दिवसांनी दुपारी रायापूरला गेलो तर हॉलमध्ये बॅग भरून ठेवलेली.

"मी गावी जाते, अण्णा," रोहिणी म्हणाली. "मी नसताना जातंय का बघा उतू. गेलं, तर मी परत येत नाही. प्रसादनी दुसरं काय ते बघावं."

"हे काय खूळ?"

"मग तुम्ही सांगा, काय आहे ते."

मी तिची बॅग उचलून फाटकापर्यंत नेली. ती चिनूला घेऊन गेली.

तो आठवडाभर मी आणि प्रसाद रोज सकाळी ओट्याजवळ उभे. खरं सांगतो, इतक्या मनापासून मी कधी देवापुढंही उभा राहिलो नसेन. उतू जाऊ नको, एवढंच म्हणत होतो. गेलं नाही. काठाला यायचं, थांबायचं, बसायचं.

"म्हणजे तिचं काही नाही, अण्णा," प्रसाद म्हणाला.

"नाही."

"मग कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी मी अळणावरची गाडी पकडली. रोहिणी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो, एक शेंग घेतली, आणि म्हणालो, "ते दूध उतू गेलं नव्हतं. मी सांडलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"सांडशी धुवत होता की तुम्ही. उतू गेलेल्या दुधाला सांडशी कशाला लागते?"

"मग बोलली का नाहीस त्याच वेळी?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिनं सुपातले दाणे पाखडले. "आणि आता मला एकटीला सांगताय, शेंगांच्या ढिगाजवळ. हाक तर सगळ्या घरादाराला दिली होतीत."

ती परत आली. माझ्यासाठी नव्हे, प्रसादसाठी. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. ओटी भरायला अक्का येणार आहे, आणि चार बायका जमल्या की काय निघणार ते मला ठाऊक आहे. अक्काला मी फोन केला होता. हवापाण्याचं बोललो आणि ठेवून दिला. समोरासमोर माझ्याच्यानं होत नाही. पण अक्का हा अंक घेते, आणि सगळ्यात आधी हे पान उघडते. तर अक्का, वाच. ते दूध मी सांडलं. रोहिणीला चूल सोडायला मी लावलं. तिनं चुकीचं काही केलं नाही. ज्यांना ज्यांना तू सांगितलंस, त्यांना हे वाचून दाखव.

दूध का थांबतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. प्रथिनं, वाफ, सायीचा थर — हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. त्यातलं एकही अक्षर त्या ओट्यावर लागू पडत नाही.

इथवर लिहून झाल्यावर रोहिणीला फोन लावला. म्हणालो, लिहिलं, उद्या पोस्टात टाकतो.

"थांबा अण्णा," ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे."

मी फोन कानाला लावून थांबलो. बर्नरचा आवाज येत होता. चिनू काहीतरी गुणगुणत होती. मला उगीच आशा वाटायला लागली.

"काय झालं ग?"

"काही नाही. काठाला येऊन बसलं खाली."

"पण मी तर सगळं लिहिलंय..."

"लिहिलंय," रोहिणी म्हणाली. "छापून येऊ दे की आधी."